मार्चात येणारी गाडी

प्रांजलनं सहाशे बारा शोधनिबंध वाचले होते. खोटं कशाला बोला, सगळे अक्षरन् अक्षर वाचले नव्हते. पण प्रत्येकाचा सारांश, पद्धत आणि निष्कर्ष तिनं वहीत उतरवून काढले होते, आणि त्यात तिची दोन वर्षं गेली होती. विषय एकच. मोठ्या कंपन्यांनी नफ्यातले दोन टक्के समाजाच्या कामाला लावलेच पाहिजेत असा कायदा देशात झाला, त्याला दहा वर्षं उलटून गेली. त्या कायद्यावर लोकांनी काय संशोधन केलं, कुठल्या अंगानं केलं आणि कुठलं अंग सोडून दिलं, हे शोधायचं. सांगलीतल्या एका कॉलेजात ती कॉमर्स शिकवायची आणि तिथल्याच धैर्यशील सरांच्या हाताखाली पीएचडी करायची.

वाचून वाचून तिचं डोकं फिरायची वेळ आली होती. माणसं कशाकशावर लिहितात! समाजकार्य केल्यावर कंपनीच्या शेअरचा भाव चढला का, यावर दीडशेच्या वर निबंध. संचालक मंडळात बायका असल्या तर खर्च वाढतो का, यावर साठेक. वार्षिक अहवालात चांगले चांगले शब्द किती वेळा आले हे मोजणारेसुद्धा होते, आणि ते कुठल्या प्रोग्रामनं मोजावेत यावर भांडणारेही होते. ज्यांच्या दारात हे दोन टक्के जाऊन पडतात, त्यांना जाऊन विचारलं असं म्हणणारे निबंध निघाले एकोणीस. त्या एकोणिसांतल्या एकानंही, आपण कोणत्या महिन्यात जाऊन विचारलं, हे लिहिलेलं नव्हतं.

महिना कशाला पाहिजे, असं कुणालाही वाटेल. प्रांजलला वाटत नव्हतं, कारण ती माण तालुक्यातल्या एका धनगरवाडीची पोर होती. दिवाळी झाली की तिच्या वाडीतली मेंढरं आणि धडधाकट माणसं कृष्णाकाठाला उतरतात. ऊस तुटून मोकळ्या झालेल्या रानांत खतासाठी मेंढरं बसवतात, आणि पाऊस जवळ आला की ज्येष्ठात परत वाडीवर येतात. मधल्या सहासात महिन्यांत वाडीत उरतात ती म्हातारी माणसं, शाळेतली पोरं आणि चार कुत्री.

सहा वर्षांपूर्वी एका कंपनीनं या वाड्यांसाठी मेंढ्यांचा फिरता दवाखाना सुरू केला. पांढरी गाडी, आत डॉक्टर, लशी ठेवायला बर्फाचा डबा, सगळं कसं झकास. फक्त कंपनीचं वर्ष संपतं एकतीस मार्चला. मंजुरी डिसेंबरात, कागदपत्रं जानेवारी-फेब्रुवारीत, म्हणजे गाडी वाडीत येणार मार्चात. देवळापुढं गाडी उभी राहायची, पांढऱ्या कोटातला डॉक्टर खाली उतरायचा, आणि समोर एक मेंढरू नसायचं. मग म्हाताऱ्यांच्या पाचसहा शेळ्या टोचायच्या, फोटो काढायचा आणि गाडी परत. सहा वर्षं हेच चाललं होतं.

आंत्रविषार म्हणजे मेंढरांचा पोटाचा जीवघेणा रोग; त्याची लस टोचायची असते पावसाळ्याच्या तोंडावर. पहिल्या पावसानंतरचं कोवळं गवत पोटात गेलं की चांगली टणटणीत कोकरं सकाळी दूध पितात आणि दुपारी मान मागं टाकून तडफडून मरतात. गेल्या आषाढात प्रांजलच्या वडिलांची, दादासोंची, आठ दिवसांत सत्तावीस कोकरं गेली होती. तेव्हा ती पांढरी गाडी तालुक्याच्या गावात शेडमध्ये कुलूप घालून उभी होती. नव्या वर्षाची मंजुरी अजून यायची होती म्हणे.

आता तीन आठवड्यांनी त्याच कंपनीची समिती सल्ल्यासाठी कॉलेजात येणार होती. गाडीचं पुढच्या तीन वर्षांचं तिथंच ठरणार होतं, आणि त्यांच्यापुढं प्रांजलचा आढावा मांडला जाणार होता. तिनं आढाव्याच्या शेवटी एकच परिच्छेद घातला होता: काम कोणत्या महिन्यात होतं आणि पाहणी कोणत्या महिन्यात होते, हे या संशोधनानं कधी तपासलेलंच नाही, माणमधली गाडी ज्येष्ठात गेली पाहिजे. सरांनी त्या परिच्छेदावर वरपासून खालपर्यंत लाल रेघ ओढून तो परत पाठवला. ती तडक त्यांच्या खोलीत गेली.

"सर, हा का काढला?"

"कारण याला आधार नाही," सर शांतपणे म्हणाले. धैर्यशील सर कधी आवाज चढवत नसत, आणि त्याचाच तिला जास्त राग यायचा. "आपण निबंधांचा आढावा घेतोय, मेंढ्यांचा नाही. एकाही निबंधात महिन्याचा उल्लेख नाही, असं तूच लिहितेस. मग तू कुठून आणलास?"

"मी तिथली आहे सर. मी पाहिलंय."

"पाहिलेलं म्हणजे पुरावा नव्हे. आणि पुराव्याचं म्हणशील तर तुझ्याच वाडीचा माझा निबंध आहे. बेचाळीस घरांपैकी एकेचाळीस पूर्ण समाधानी. चौऱ्याऐंशी जणांनी त्याचा संदर्भ घेतलाय आजवर." सरांनी चष्मा काढून पुसला. "ते फॉर्म कुणी भरले होते, आठवतंय ना? तूच भरलेस."

तोंडात मारल्यासारखं झालं तिला. ती तशीच बाहेर पडली आणि पायऱ्या उतरली.

आठवत होतं. सगळं आठवत होतं. ती तेव्हा एम.कॉम.ला होती. 'तू तिथलीच आहेस, तुला त्यांची भाषा येते,' असं म्हणून सरांनी तिला बरोबर घेतलं होतं. मार्च महिना होता. कंपनीतर्फे इंद्रजित नावाचे अधिकारी आले होते. वाडी ओस पडलेली. मेंढरं खाली उतरताना वाडीतली सगळी घरं आपापल्या कुलपांच्या किल्ल्या प्रांजलच्या थोरल्या चुलतीकडं, धोंडुबाईकडं ठेवून जात. घर कुणाचंही असो, सहा महिने त्याच्या वतीनं बोलायचं ते धोंडुबाईनं. टपालवाला येवो की तलाठी, सगळ्यांना तीच उत्तर द्यायची, आणि परत आल्यावर तो शब्द कुणी मोडायचा नाही. धोंडुबाईनं तिघांना ओट्यावर बसवलं, चहा केला, आणि प्रांजल एकेका घराचं नाव घेत गेली.

"गाडीचा उपयोग झाला का?"

"झाला की. बरं हाय समदं."

बेचाळीस घरांचं उत्तर एकाच तोंडातून आलं. प्रांजलनं बेचाळीस फॉर्मांवर पाचापैकी पाच गुण लिहिले. बसमध्ये बसल्यावर तिला वाटलं, सगळेच पाच फार खोटं दिसेल. म्हणून एका फॉर्मवरचे पाच खोडून तिनं चार केले. त्या चारावरच सरांनी निबंधात एक अख्खं पान लिहिलं होतं, 'अंशतः असमाधानी कुटुंब' म्हणून.

सरांच्या खोलीतून बाहेर पडली त्याच्या दुसऱ्या दिवशी ती कृष्णाकाठच्या भिलवडीच्या एसटीत बसली. दादासोंची मेंढरं त्या बाजूला एका तुटलेल्या उसाच्या रानात बसली होती. भर दुपारी ती बांधावरून चालत गेली. दादासो वाघर, म्हणजे मेंढरांभोवतीचं जाळं, दुरुस्त करत बसले होते. तिला बघून उठले, तांब्या पुढं केला.

"अवचित कशी गं? कालिज न्हाई व्हय आज?"

ती पाणी प्यायली आणि बसल्या बसल्या सगळं सांगून टाकलं. लाल रेघेपासून चारच्या आकड्यापर्यंत. सांगताना तिचा आवाज चढत गेला. "आप्पा, त्या कागदावर तुमचं बी नाव हाय. पूर्ण समाधानी. आन् सत्तावीस कोकरं मेली तुमची!"

"मी कवा दिलं नाव?"

"थोरलीनं दिलं. तिनं खोटं का सांगितलं आप्पा? सरळ म्हणायचं, गाडी येते तवा मेंढरंच नसत्यात!"

दादासोंनी वाघर बाजूला ठेवली. "तिच्यावर कशाला जाळ काढतीस? दारात आलेला माणूस चहा पितोय, आन् त्यानंच दिल्याल्या वस्तूला त्याच्या तोंडावर नावं ठिवायची? आपल्या वाडीत कुनी ठिवली न्हाईत आजपातूर. दुसऱ्या दिवशी एकट्यानं येऊन इच्यारलं असतं, तर समदं सांगितलं असतं वैनीनं. ती रीतीनं वागली. तिला कागदाचं काय म्हाईत? तुला म्हाईत हुतं की. तू कशी काय लिवून घेतलंस?"

दोन वर्षं ती सहाशे बारा जणांवर दात ओठ खात होती. त्यांना माणसं दिसत नाहीत म्हणून, ते खोलीत बसून आकडे जुळवतात म्हणून. आणि त्यातला सगळ्यांत खोटा आकडा तिच्या हातचा होता. तिला सरांचा राग आला होता, कंपनीचा आला होता, थोरलीचाही येऊन गेला. पण एवढा राग तिला आजवर कुणाचाच आला नव्हता, जेवढा त्या दुपारी स्वतःचा आला.

"मी सांगते त्यास्नी," ती म्हणाली. "समितीम्होरं सांगते."

"सांग की. पर गाडी ज्येष्ठात आणाय सांग. बाकीचं काय का असंना," दादासो म्हणाले. "औंदा लय कोकरं हायती."

समिती आली त्या दिवशी कॉलेजचा हॉल झाडून पुसून लख्ख केला होता. इंद्रजित साहेब मधल्या खुर्चीवर, दोन्हीकडं दोन सदस्य. सरांनी गोड शब्दांत ओळख करून दिली. प्रांजलनं आढावा मांडला, शेअरचे भाव सांगितले, संचालक मंडळातल्या बायका सांगितल्या. साहेब अधूनमधून मान हलवत होते. शेवटची पाटी पडद्यावर आली, 'धन्यवाद' लिहिलेली. ती तिथंच उभी राहिली.

"आणखी एक सांगायचंय. माणच्या गाडीचा जो एकमेव अभ्यास तुमच्या फायलीत आहे, त्यातले माझ्या वाडीचे बेचाळीसच्या बेचाळीस फॉर्म खोटे आहेत. ते मी भरले. घरात माणसं नव्हती, मेंढरं नव्हती. बेचाळीस घरांचं उत्तर एका बाईनं दिलं, तेही तुमच्यासमोर, तुम्ही तिचा चहा पीत असताना."

"प्रांजल, हा आढाव्याचा भाग नाही," सर म्हणाले.

"नाहीच सर. हा कबुलीजबाब आहे." मेंढरं कधी जातात, कधी येतात, लस कधी टोचायची असते, कोकरं कशी मरतात, सगळं बोलली. "गाडी चांगली आहे, डॉक्टर चांगला आहे. फक्त ती मार्चाऐवजी ज्येष्ठात आणा. एवढंच मागणं आहे."

इंद्रजित साहेबांनी सगळं लिहून घेतलं. माणूस उर्मट नव्हता, तेही सांगितलं पाहिजे. त्यांनी पेनाचं टोपण लावलं आणि विचारलं, "म्हणजे आमच्याकडचा पुरावा चुकीचा आहे?"

"हो."

"मग मॅडम, या प्रकल्पाची गरज आहे, हे दाखवणारा कागदच आता माझ्याकडं उरला नाही. मंडळापुढं मी काय ठेवू?"

"मी उभी आहे ना तुमच्यापुढं! सत्तावीस कोकरं मेली माझ्या बापाची!"

"त्याचं सर्वेक्षण झालंय का?" साहेबांनी विचारलं.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. समोरचा पाण्याचा ग्लास उचलून भिंतीवर आपटावा असं तिला वाटलं. आपटला असता तर बरं झालं असतं, असं तिला नंतर कितीदा तरी वाटलं. पण ती मास्तरीण होती, हॉलमध्ये तिचे विद्यार्थी बसले होते, तिनं ग्लास हातातसुद्धा घेतला नाही.

समितीनं अर्ध्या तासात निर्णय घेतला. फिरता दवाखाना तूर्त स्थगित, फेरपाहणी झाल्यावर बघू. यंदाची तरतूद वाया जाऊ नये म्हणून ती पाचगणीच्या एका शाळेच्या संगणकखोलीला वळवली. बरोबरच आहे. शाळा डांबरी रस्त्यावर असते, पोरं मार्चात जागेवर असतात, आणि संगणकाला आंत्रविषार होत नाही.

बाहेर व्हरांड्यात सरांनी तिला गाठलं. ते चिडलेले असतील असं तिला वाटलं होतं. सर खूश होते. "प्रांजल, तू आज काय दाखवून दिलंस, तुला कल्पना नाही. काम आणि पाहणी यांच्या महिन्यांचा मेळ! जगात कुणी यावर लिहिलेलं नाही. माझा जुना निबंध मी मागं घेतो, आणि आपण दोघं मिळून यावर नवा प्रकल्प टाकू."

"सर, गाडी गेली."

"गाडी येईल गं. आधी अभ्यास तर होऊ दे."

"माझं नाव घालू नका त्यात," ती म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी तिनं गाइड बदलून मिळण्याचा अर्ज दिला. तो अर्ज विद्यापीठात कुठल्याशा टेबलावर जाऊन बसला.

मग ती धावत सुटली. कंपनीला तीन पत्रं लिहिली. तिन्हींना एकच उत्तर आलं, 'नोंद घेतली आहे.' वैशाखात सरकारी जनावरांच्या दवाखान्यात जाऊन बसली. चाळीस गावांना मिळून एक डॉक्टर, तोही बिचारा घामानं निथळत फायली चाळत होता. लस मागवली आहे म्हणाला, येईल महिनाअखेरीला. तिनं कोणता महिना ते विचारलं, तर त्यानं हात वर केले. ज्येष्ठात मेंढरं वाडीवर परतली. वळवाचे चार सडाके पडले आणि माळ हिरवा दिसायला लागला. लस आली ती आषाढ लागल्यावर, आणि तीही अर्ध्याच वाडीला पुरेल एवढी. एक खेप टोचली म्हणजे झालं असंही नसतं, दोन आठवड्यांनी दुसरी द्यावी लागते. तोवर कोकरं थांबली नाहीत.

पहिल्या दिवशी तीन गेली, दुसऱ्या दिवशी पाच. प्रांजल रजा टाकून वाडीवर आली होती. थोरली खड्डे खणत होती, दादासो दर तासाला कोकरांच्या कळपात शिरून एकेकाच्या पोटाला हात लावून बघत होते. चौथ्या दिवशी दहाच्या सुमाराला देवळापाशी गाडीचा आवाज आला आणि वाडीतली माणसं हातातलं टाकून पळाली. प्रांजलही पळाली. गाडी पांढरीच होती, पण तिच्यात बर्फाचा डबा नव्हता. धैर्यशील सर उतरले, त्यांच्या मागून इंद्रजित साहेब उतरले, आणि मग कागदांचा एक गठ्ठा उतरला.

"बघ," सर तिला म्हणाले, आणि त्यांच्या बोलण्यात खोट नव्हती, हे जास्त वाईट. "तू म्हणालीस तसंच केलं. बरोबर आषाढात आलो, मेंढरं वाडीवर असताना. आणि फॉर्मवर पहिलाच प्रश्न महिन्याचा घातलाय. कंपनीनं या अभ्यासाला मान्यता दिली."

"लस?"

"लस पुढच्या टप्प्यात. आधी गरज सिद्ध होऊ दे."

तिला ओरडायचं होतं. तेवढ्यात सर पुढं गेलेसुद्धा. दादासो कुडापाशी गुडघ्यावर बसले होते, त्यांच्या मांडीवर एक काळं कोकरू पाय झाडत होतं. सरांनी बूट चिखलात जाणार नाहीत असा एक दगड बघितला, त्यावर उभे राहिले आणि नम्रपणे विचारलं, "दादासो, चाळीसच प्रश्न आहेत. फार वेळ घेणार नाही. आत्ता महिना कोणता चालू आहे, हे तुमच्या तोंडून हवंय."

दादासोंनी वर बघितलं. तिकडं कळपात आणखी एक कोकरू धडपडून पडलं होतं. ते उठले, मांडीवरचं कोकरू उचललं आणि सरांच्या हातात दिलं. "ह्ये धरा जरा," म्हणाले, आणि दुसऱ्याकडं धावले.

फॉर्म खाली चिखलात पडले. सरांनी आयुष्यात कधी कोकरू धरलं नव्हतं. त्यांनी ते छातीशी धरलं, तसं त्यानं मान पाठीमागं टाकली, सगळं अंग ताठ केलं, दोनदा तोंड उघडलं आणि सरांच्या हातातच संपलं. पांढऱ्या शर्टावरून पिवळं पातळ ओघळत खाली आलं. त्यांनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं. इंद्रजित साहेब गाडीच्या दारापर्यंत मागं सरकले होते.

"प्रांजल," सर म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला होता. "अगं, हे गेलं. हे कुठं ठेवू मी?"

प्रांजलनं फावडं उचललं आणि ती थोरलीच्या शेजारी खणायला लागली. सरांनी पुन्हा विचारलं, मग थोरलीला विचारलं, मग दादासोंना हाक मारली. ज्याला त्याला आपापलं काम होतं. मेलेलं कोकरू हातात घेऊन सर त्या दगडावर उभेच राहिले.